धूरही हिशोबात धरला, तर शहर किती उत्पादक?

एका शहराचं उत्पादन दहा वर्षांत दुप्पट झालं आणि धूरही दुप्पट झाला. दुसऱ्याचं उत्पादन दीडपट झालं, पण धूर तेवढाच राहिला. पुढे कोण गेलं?

अर्थतज्ज्ञ रॉबर्ट सोलो यांनी १९५७ मध्ये रूढ केलेल्या उत्पादकता मोजण्याच्या पद्धतीत धुराला जागाच नाही. उत्पादनातली वाढ घ्यायची, त्यातून वाढलेल्या श्रमाचा आणि भांडवलाचा वाटा वजा करायचा. उरेल ती उत्पादकतेची वाढ. हरित उत्पादकता मोजताना श्रम आणि भांडवलाच्या जोडीला ऊर्जाही खर्चात धरतात, आणि कार्बन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड, सांडपाणी यांना ‘नको असलेलं उत्पादन’ मानतात. त्यासाठीचा एक बराच वापरला जाणारा निर्देशांक चुंग, फेअर आणि ग्रॉसकॉफ यांनी १९९७ मध्ये मांडला. त्यात माल वाढवण्याबरोबर घाण कमी केल्याचंही श्रेय मिळतं. मला हाच हिशोब जास्त प्रामाणिक वाटतो, कारण खराब हवेची किंमत कारखान्याच्या वहीत नसली तरी कुणीतरी मोजतच असतं.

धोरणांचा परिणाम या मापाने तपासायला चीनसारखी जागा क्वचितच मिळेल. तिथे कमी-कार्बन शहरांचा प्रयोग २०१० मध्ये पाच प्रांत आणि आठ शहरांत सुरू झाला. शेन्झेन, हांगझोउ, बाओडिंग, ग्वेयांग ही त्यांतली काही. २०१२ आणि २०१७ मध्ये आणखी तुकड्या निवडल्या गेल्या. टप्प्याटप्प्याने झालेल्या या निवडीमुळे संशोधकांना तुलना करता येते: धोरण लागू झालेल्या आणि न झालेल्या शहरांत आधी किती फरक होता आणि नंतर किती झाला? अर्थात शहरं चिठ्ठ्या टाकून निवडलेली नव्हती. आधीच पुढे असलेलं शहर निवडलं गेलं, तर त्याच्या प्रगतीचं श्रेय उगाच धोरणाला जातं. म्हणून निवडीपूर्वी दोन्ही गटांची चाल सारखी होती का, हे आधी पाहावं लागतं.

अशा अनेक अभ्यासांत सरासरी परिणाम चांगला दिसतो. पण तो येतो कुठून? १९९०च्या दशकात व्यवस्थापनतज्ज्ञ मायकेल पोर्टर यांनी म्हटलं होतं की नीट आखलेला पर्यावरण नियम उद्योगाला नवं तंत्र शोधायला भाग पाडतो, आणि त्यातून नियमाचा खर्च भरून निघू शकतो. शेन्झेनमध्ये याचं ठळक उदाहरण दिसतं. २०१७ अखेर तिथल्या सोळा हजारांहून अधिक सिटी बस विजेवर आल्या, आणि विजेची वाहनं बनवणारा उद्योगही त्याच शहरात वाढला. मागणी आणि तंत्रज्ञान तिथे हातात हात घालून आलं. कोळसा किंवा पोलाद यांवरच पोट असलेल्या शहराला हे इतकं सोपं नाही. तिथे कौशल्य बदलायला, जुनी यंत्रं मोडीत काढायला वर्षं जातात, आणि मधल्या काळात उत्पादकता घसरूही शकते.

चांगला परिणाम दिसण्याची दुसरी वाट मला अस्वस्थ करते. नियम कडक झाल्यावर कारखाना शेजारच्या शहरात हलवला, तर आकड्यांत पहिलं शहर हिरवं होतं, पण एकूण कार्बन तेवढाच राहतो. शेजारी जुनी यंत्रं असतील तर वाढतोही. बाहेरून आणलेल्या विजेचंही तेच: बस इथे धूर सोडत नाही, पण वीज कोळशाची असेल तर तो दुसरीकडे निघतो. त्यामुळे शेजारची शहरं आणि वीजकेंद्रं हिशोबात न घेता काढलेला निष्कर्ष मी अर्धवटच मानतो. शहराच्या हद्दीबाहेरचा परिणाम मोजणाऱ्या पद्धती आता उपलब्ध आहेत. धोरण ठरवणाऱ्यांनी या पद्धती, निकालाची वाट न पाहता, योजना आखतानाच वापराव्यात.