माणगाव, पण कुठलं?

मार्च १९२० मध्ये माणगावला बहिष्कृतांची परिषद भरली. अध्यक्षस्थानी बाबासाहेब आंबेडकर होते आणि राजर्षी शाहू महाराज स्वतः हजर होते. हे माणगाव तेव्हाच्या कोल्हापूर संस्थानातलं, आजच्या हातकणंगले तालुक्यातलं. वासुदेवानंद सरस्वती, म्हणजे आपले टेंबेस्वामी, १८५४ साली माणगावला जन्मले. ते माणगाव कुडाळ तालुक्यातलं. मुंबईहून गोव्याकडे निघालं की महामार्गावर लागतं ते माणगाव रायगड जिल्ह्यातलं, तालुक्याचं ठिकाण. त्याच रायगड जिल्ह्यात, कर्जत तालुक्यात नेरळच्या बाजूला आणखी एक माणगाव आहे. सरकारी दप्तरात ते ‘माणगाव तर्फ वरेडी’ म्हणून लिहिलं जातं.

एवढ्यावर थांबत नाही. रायगडच्या माणगाव तालुक्यात एक गोरेगाव आहे. मुंबईतलं गोरेगाव सगळ्यांना ठाऊक आहेच, आणि गोंदिया जिल्ह्यात तर गोरेगाव नावाचा तालुकाच आहे. शिरगाव देवगडात आहे, रत्नागिरीत आहे, चिपळुणात आहे, पालघरात आहे आणि लईराईच्या जत्रेसाठी प्रसिद्ध असलेलं गोव्यातलं शिरगाव वेगळंच. माहीम मुंबईत आहे आणि पालघरकडे केळव्याच्या शेजारीही आहे. म्हणून तिकडचे लोक ‘केळवे-माहीम’ असं जोडीनंच म्हणतात.

ही नावं कोणी कोणाची उचललेली नाहीत. कोकणात एका गावातून दुसऱ्या गावाला जाताना मध्ये खाडी यायची, डोंगराची सोंड यायची. पूल झाले ते फार उशिरा, तोवर होडीवर अवलंबून राहायचं. गावाचं नाव बाजाराच्या टापूत ओळखू आलं की पुरे होतं. दोन खाड्यांपलीकडे त्याच नावाचं गाव आहे की नाही, याच्याशी कोणाला कर्तव्य नव्हतं. आंब्यावरून, चिंचेवरून, वडावरून, गावच्या देवावरून नावं पडत गेली आणि झाडं नि देव तर सगळीकडे तेच. देवांच्या बाबतीत लोकांनी तोड फार पूर्वीच काढली होती. आचऱ्याचा रामेश्वर, गिर्येचा रामेश्वर, आरवलीचा वेतोबा. देवाच्या आधी गाव लावलं की गोंधळ संपतो.

एका नावाची अनेक गावं ही अडचण झाली ती दप्तराला. ज्या दिवशी सारा वसूल करणाऱ्याच्या यादीत ही गावं एकाखाली एक आली, त्या दिवसापासून ‘कुठलं?’ हा प्रश्न सुरू झाला. सुलतानी अमलातल्या फारसी दप्तरानं दिलेली उत्तरं आपण अजून वापरतो. थोरलं गाव ते बुद्रुक, धाकटं ते खुर्द. संगमेश्वर तालुक्यात आंबेड बुद्रुक आणि आंबेड खुर्द आहेत, तशा जोड्या महाराष्ट्रभर सापडतील. जोडगाव नसेल तर गाव ज्या तर्फेत मोडतं ती तर्फ नावाला जोडायची. तर्फ म्हणजे परगण्याखालचा वसुलीचा विभाग. तर्फा जाऊन जमाना झाला, तालुक्यांच्या हद्दी पुन्हा पुन्हा बदलल्या, पण सातबाऱ्याच्या माथ्यावर ‘तर्फ’ तशीच आहे. मला या शेपटांबद्दल फार आस्था आहे. रोजच्या बोलण्यात ती कोणी उच्चारत नाही, पण चारशे वर्षांपूर्वीची प्रशासनाची घडी त्यांच्यात टिकून आहे. नाव सुटसुटीत करायच्या नादात ती छाटली, तर गाव कुठल्या घाटाखालचं, कुठल्या ठाण्याचं, हे सांगणारा शेवटचा धागाही जाईल.

आता जरा मोठ्या नावाकडे येऊ: साष्टी. आपण मुंबईकर-ठाणेकर साष्टी म्हणतो ते वांद्र्यापासून घोडबंदरपर्यंतचं बेट. गोव्यातली साष्टी म्हणजे मडगावच्या भोवतालचा तालुका. दोन्ही नावांच्या मुळाशी सहासष्ट गावांचा समूह सांगतात, आणि दोन्ही ठिकाणी राज्य पोर्तुगिजांचं होतं. उत्तरेकडची साष्टी त्यांना १५३४ मध्ये वसईबरोबर गुजरातच्या बहादूरशहाकडून मिळाली, गोव्याकडची १५४३ मध्ये आदिलशाहीकडून. पुढे मराठ्यांनी पोर्तुगिजांशी युद्ध मांडलं तेव्हा दोन्ही साष्ट्या एकाच युद्धात आल्या. १७३७ मध्ये उत्तरेची साष्टी मराठ्यांनी घेतली. १७३९ च्या सुरुवातीला चिमाजी आप्पांची फौज उत्तरेत गुंतलेली असताना व्यंकटराव घोरपडे गोव्याच्या साष्टीत उतरले आणि मडगाव त्यांनी काबीज केलं. त्याच वर्षी मे महिन्यात वसई पडली. या काळातल्या कागदात नुसतं ‘साष्टी’ दिसलं तर पत्र कोणी, कुठून, कोणत्या तारखेला लिहिलं हे पाहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. दोन्हींमध्ये कित्येक दिवसांची वाट आहे. एक चुकीची साष्टी धरली की सगळ्या मोहिमेचा नकाशा उलटतो.

वसईची गोष्ट आणखी लांब जाते. पोर्तुगिजांच्या तोंडी वसईचं झालेलं रूप इंग्रजांनी ‘बसीन’ म्हणून उचललं. दुसऱ्या बाजीरावाशी ३१ डिसेंबर १८०२ रोजी झालेला तह त्यांच्या कागदोपत्री बसीनचाच आहे. ब्रह्मदेशात इरावतीच्या मुखाच्या प्रदेशात पाथेन नावाचं बंदर आहे. इंग्रज त्यालाही बसीनच म्हणत, आणि १८५२ च्या युद्धात त्यांनी ते घेतलं. दोन किनारे, दोन भाषा, एकमेकांशी काडीचा संबंध नाही, पण परक्या जिभेवर दोन्ही नावं एकाच साच्यात बसली. त्याच ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा पुढे रत्नागिरीत कैदेत राहिला आणि १९१६ मध्ये तिथेच वारला. रत्नागिरीही एक नाही. ओडिशात जाजपूर जिल्ह्यात रत्नागिरी हे बौद्ध विहारांच्या अवशेषांचं मोठं स्थान आहे, आणि आंध्रात अन्नवरमचं सत्यनारायणाचं देऊळ ज्या टेकडीवर आहे तीही रत्नगिरीच.

पोर्तुगिजांनी नावं जगभर पेरली ती संतांची आणि क्रुसाची. आपल्या लोकलच्या सांताक्रूझचं नाव पवित्र क्रुसावरून आलं. गोव्यात पणजीच्या लगत सांताक्रूझ आहे, स्पॅनिश लोकांनी बोलिव्हियात, कॅनरी बेटांवर आणि कॅलिफोर्नियात तेच नाव ठेवलं. आडनावांचंही तसंच. वसईत नि गोव्यात बाप्तिस्मा घेणाऱ्याला पाद्री किंवा धर्मपिता आपलं आडनाव देई, त्यामुळे वसईच्या वाडीत पानवेलीला पाणी घालणारा परेरा आणि ब्राझीलमधला परेरा यांचं आडनाव एक असलं तरी घराणी एक असतीलच असं नाही.

इंग्रजांनी किल्ल्यांवर नावं चढवली. १७६५ मध्ये त्यांनी मालवणचा सिंधुदुर्ग घेतला आणि त्याला फोर्ट ऑगस्टस म्हटलं. लवकरच किल्ला कोल्हापूरकरांकडे परत गेला आणि ते नाव पुसलं गेलं. स्कॉटलंडमध्ये लॉख नेस सरोवराच्या टोकाला मात्र फोर्ट ऑगस्टस नावाचं गाव अजून आहे. सावित्रीच्या मुखावरच्या बाणकोटला १७५० च्या दशकात इंग्रजांनी फोर्ट व्हिक्टोरिया नाव दिलं. हे नाव राणीवरून पडलं असं बरेच जण धरून चालतात. राणी व्हिक्टोरिया जन्मली १८१९ मध्ये! तिच्या नावाचे फोर्ट व्हिक्टोरिया पुढे खरोखर झाले, कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर आणि ऱ्होडेशियात. ऱ्होडेशियातलं १८९० चं ठाणं आज झिंबाब्वेतलं मास्विंगो शहर आहे. त्यांच्या रांगेत आपलं बाणकोट बसवणं चूक आहे. ते त्यांच्याहून कितीतरी थोरलं आहे.

मुंबईच्या जुन्या इंग्रजी नावाचं काय झालं तेही पाहण्यासारखं आहे. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या दक्षिणेला बॉम्बे नावाचं गाव आहे. १८६० च्या दशकात ‘बॉम्बे’ नावाच्या जहाजातून आलेल्या लोकांनी तिथे वस्ती केली आणि जहाजाचं नाव जमिनीला लागलं. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेला, कॅनडाच्या सीमेजवळही एक बॉम्बे आहे. आपण १९९५ मध्ये ते नाव उतरवून ठेवलं, तिकडे पाटीवर ते कायम आहे.

किल्ल्यांमधली घरची उदाहरणंही आहेत. यशवंतगड एक रेडीला, वेंगुर्ला तालुक्यात. दुसरा नाट्याला, राजापूर तालुक्यात जैतापूरच्या खाडीवर. एकाचा फोटो आणि दुसऱ्याचा इतिहास असं सर्रास छापलं जातं, आणि दोन्हीकडच्या लोकांना त्याचं वाईट वाटतं. ते वाटणं रास्त आहे. नाट्याच्या गडाच्या तटबंदीबद्दल बोलायचं तर नाट्याचंच बोललं पाहिजे.

आता माणसांकडे. कोकणात ओळख सुरू होते ती ‘तुमचो गाव खंयचो?’ या प्रश्नानं, आणि गावाला ‘कर’ लावला की आडनाव तयार. बाबासाहेबांचं मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे, आणि त्यांचं आडनाव त्या गावाशी जोडलेलं. गावावरून पडलेलं आडनाव जात-धर्म पाहत नाही. अलिबाग-पेणच्या पट्ट्यातल्या बेने इस्रायल ज्यूंना शनवारी घाणा बंद ठेवतात म्हणून ‘शनवार तेली’ म्हणत, पण त्यांची आडनावं नवगावकर, पेणकर, रोहेकर, केहिमकर अशी. १९४८ नंतर यांतली बरीच कुटुंबं इस्रायलला गेली, तिथे ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिकही त्यांनी चालवलं. रोह्याचे हिंदू रोहेकर आणि इस्रायलमधले ज्यू रोहेकर यांना एकत्र आणणारी गोष्ट एकच, कुंडलिकेच्या काठचं ते गाव.

पण इथे एक मोठी गळती झाली. शाळा, कोर्ट, गिरणीचा मस्टर यांना आडनाव हवं होतं, तेव्हा गावाचं नाव लागलं आणि तालुका मागे राहिला. शिरगावकर म्हणजे कुठल्या शिरगावचा, हे आडनावातून कळायला मार्ग उरला नाही. म्हणून लग्नाच्या बैठकीत आजही कुलदैवत विचारतात, ग्रामदेवता विचारतात, गावात मानकरी कोण आहेत ते विचारतात. आडनावात जे सांडलं ते या प्रश्नांनी भरून काढतात.

पहिल्या नावांचा पेच वेगळा. नातवाला आजोबाचं नाव ठेवायची रीत, आणि मधे बापाचं नाव. त्यातून श्रीवर्धनच्या भटांच्या, म्हणजे पेशव्यांच्या घरात दोन बाजीराव झाले. दुसरा बाजीराव हा पहिल्याचा नातू. आंग्र्यांच्या घरात भावांची नावं निरनिराळी होती, सेखोजी, संभाजी, मानाजी, तुळाजी, पण इंग्रजांनी सगळ्यांना मिळून एकच ‘अँग्रिया’ करून टाकलं. या भावांचे वडील कान्होजी वारले १७२९ मध्ये, तुळाजी विजयदुर्गासह इंग्रजांच्या नि पेशव्यांच्या हाती लागले १७५६ मध्ये. इंग्रजी कागद वाचणाऱ्याला वाटतं की एकच माणूस दोन पिढ्या समुद्रावर लढतोय. यात कान्होजींचा आरमारी वकूब आणि संभाजी-मानाजींची भाऊबंदकी एकमेकांत मिसळून जाते, आणि नुकसान कान्होजींचं होतं.

सगळ्यात विलक्षण योग मात्र ‘बाळ गंगाधर’ या नावाचा. ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ सुरू करणारे बाळशास्त्री जांभेकर हे बाळ गंगाधर. गाव पोंभुर्ले, आजच्या देवगड तालुक्यात. १८५६ मध्ये रत्नागिरीत जन्मलेले टिळक बाळ गंगाधर. त्यांचं मूळ गाव दापोली तालुक्यातलं चिखलगाव. आणि १९३७ मध्ये मुंबई प्रांताचे पंतप्रधान, म्हणजे आजच्या भाषेत मुख्यमंत्री, झालेले बाळासाहेब खेर हेही बाळ गंगाधर, जन्म १८८८, रत्नागिरीचाच. तिघांचं नाव एक, बापाचं नाव एक आणि जुना जिल्हाही एक. पहिले दोघे तर वृत्तपत्रांचे संपादक. आडनाव गाळून कोणी नुसतं ‘बाळ गंगाधर’ म्हटलं, तर मराठी वृत्तपत्राच्या इतिहासात तेवढ्यानं भागणार नाही.

टपाल खात्यानं १५ ऑगस्ट १९७२ पासून सहा आकडी पिन कोड लागू केला. ती योजना आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर मराठीच, आणि एकाच नावाची असंख्य गावं हे त्यामागचं एक मोठं कारण होतं. त्याआधी मुंबईहून गावी मनीऑर्डर करणारा गिरणी कामगार फॉर्मवर मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा आणि शेवटी ‘व्हाया’ करून एसटीच्या फाट्याचं नाव घालायचा. पिन आल्यावरही तो हे सगळं लिहीतच राहिला, आणि बरोबर केलं. पिन टपाल कचेरीपर्यंत नेतो. पुढे वाडी लागते, आणि भंडारवाडी, सुतारवाडी, देऊळवाडी गावोगाव आहेत.

जुनी पत्रं, खरेदीखतं किंवा शाळेचे दाखले चाळणाऱ्यानं तालुक्याबरोबर सालही पाहावं. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. त्याआधीच्या कागदावर मालवण, देवगड आणि १९४८ नंतर कुडाळ ‘जि. रत्नागिरी’ असेच येतात. रायगड जिल्हा त्याच वर्षीपर्यंत कुलाबा होता, आणि कुलाबा म्हटलं की मुंबईतला वेगळा, अलिबागचा वेगळा. १९५० सालचा एखादा दाखला ‘मु. माणगाव, जि. रत्नागिरी’ म्हणत असेल, तर शोध कुडाळकडे घ्यायचा, ‘जि. कुलाबा’ असेल तर आधी तालुका पाहायचा, कारण त्या जिल्ह्यात माणगावं एकाहून अधिक आहेत.