रानातील कृंतक आणि माणसाचे रोग

उंदीर, घूस, जर्बिल, खार, साळिंदर अशा कुरतडणाऱ्या सस्तन प्राण्यांना कृंतक म्हणतात. सस्तन प्राण्यांच्या जातींपैकी सुमारे ४० टक्के जाती या एकाच गणातल्या आहेत. त्यांच्या अंगात किंवा अंगावर राहणारे काही जीवाणू आणि विषाणू माणसात उतरले की रोग होतो. प्लेग, लेप्टोस्पायरोसिस, हंटाविषाणूंचे ताप आणि लासा ताप ही त्याची ठळक उदाहरणे. चिचुंद्री दिसायला उंदरासारखी असली तरी ती कृंतक नाही. रोगाच्या तपासणीसाठी लावलेल्या पिंजऱ्यांत मात्र ती हटकून सापडते, म्हणून तिचीही नोंद ठेवावी लागते.

घरातला उंदीर सगळ्यांना दिसतो आणि दोषही त्याच्याच माथी येतो. रोगाचे मूळ मात्र पुष्कळदा गावकुसाबाहेरच्या बिळात असते, बहुतेकांनी कधी पाहिलाही नसेल अशा प्राण्यात. तो प्राणी स्वतः फारसा आजारी पडत नाही आणि रोगजंतू त्याच्या आधाराने वर्षानुवर्षे टिकून राहतो. अशा प्राण्याला त्या रोगाचा कायमचा पोशिंदा म्हणता येईल. कृंतकांना ही भूमिका सहज जमते. ते लहान वयात वितात, एका वेतात अनेक पिल्ले देतात, आणि पावसापाण्याचे वर्ष चांगले गेले की त्यांची संख्या भराभर वाढते. जंतूला प्रत्येक हंगामात नवी, प्रतिकारशक्ती नसलेली पिढी आयती मिळते.

प्लेगच्या उदाहरणात हे सर्वांत स्पष्ट दिसते, आणि महाराष्ट्राला त्याची किंमत ठाऊक आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात मूळचे गोव्याचे डॉ. अकासियो व्हिएगस यांनी हा रोग ओळखला. पुढच्या काही दशकांत हिंदुस्थानात एक कोटीच्या वर माणसे त्याने दगावली. पुण्यात रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांना १० मार्च १८९७ रोजी याच रोगाने मृत्यू आला. येर्सिनिया पेस्टिस हा जीवाणू आलेक्सांद्र येरसँ यांनी १८९४ मध्ये हाँगकाँगमध्ये शोधला होता, पण तो माणसापर्यंत पोचतो कसा हे कोडे सुटलेले नव्हते. पॉल-लुई सीमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत आजारी उंदीर आणि जाळीआड ठेवलेला निरोगी उंदीर एकत्र ठेवून दाखवले, की दोघांचा स्पर्श झाला नाही तरी पिसवा रोग नेतात. अनेकांनी ते मानले नाही. १९०५ नंतर मुंबईत झालेल्या प्रयोगांनी शंका मिटली. प्लेगग्रस्त घरात ठेवलेल्या गिनीपिगच्या पिंजऱ्याभोवती चिकट कागद पसरला, की पिसवा त्यात अडकत आणि प्राणी बहुधा वाचत.

पिसू हे काम करते ते भुकेपोटी. जीवाणू तिच्या अन्ननलिकेत चिकट गोळा करून वाट बंद करतात. रक्त पोटात जात नाही, म्हणून ती पुनःपुन्हा चावते, आणि दर वेळी अडकलेले रक्त जंतूंसह चाव्यात उलटते. ही यंत्रणा बेकट आणि मार्टिन यांनी १९१४ मध्ये उलगडली. घरउंदीर प्लेगने मेला आणि त्याचे अंग थंड पडले, की पिसवा त्याला सोडून दुसरे ऊबदार शरीर शोधतात. खेड्यापाड्यांत ‘उंदीर पडायला लागले’ म्हटले की काय समजायचे हे लोकांना कुणी शिकवावे लागले नाही. घरे सोडून ते माळावर झोपड्या बांधून राहत. प्रयोगशाळेचा निष्कर्ष हाती येण्याआधीच अनुभवातून घडलेले हे शहाणपण होते, आणि त्याने अनेकांचे प्राण वाचवले.

पण साथ ओसरल्यावर जंतू जातो कुठे? घरउंदीर तर प्लेगने पटापट मरतात. (पुढे वारंवारच्या साथींनंतर मुंबईच्या उंदरांत प्रतिकारशक्ती वाढल्याचेही आढळले.) उत्तर रानात आहे. भारतात टटेरा इंडिका हा जर्बिल प्लेगचा मुख्य रानटी पोशिंदा मानला जातो. कोरड्या, मोकळ्या जमिनीत अनेक तोंडांची बिळे करून राहणारा हा निशाचर प्राणी घरात शिरत नाही. त्याच्यातले पुष्कळसे प्राणी संसर्ग होऊनही तगतात आणि त्यांच्या बिळांतल्या गारव्यात पिसवाही जगतात. पिकाच्या कडेला, बांधावर, खळ्याभोवती तो घुशीच्या आणि घरउंदराच्या सान्निध्यात येतो. तिथे पिसवांची अदलाबदल होते. रान, शिवार, घर असा हा तीन टप्प्यांचा प्रवास आहे, आणि आपल्या डोळ्यांना फक्त शेवटचा टप्पा दिसतो.

कर्नाटकातल्या १९६६ च्या रुग्णांनंतर भारतात प्लेग संपला असेच वाटत होते. ऑगस्ट १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावी पिसवांचा उपद्रव झाला, उंदीर पडले आणि गाठीच्या प्लेगचे रुग्ण निघाले. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर मराठवाड्यात घरे ओस पडली, आत साठवलेले धान्य तसेच राहिले, उंदरांची संख्या वाढली आणि रानातला संसर्ग वस्तीपर्यंत पोचला, अशी या घटनेची सर्वाधिक मांडली जाणारी संगती आहे. सप्टेंबरमध्ये सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची साथ जाहीर झाली आणि लाखो लोक शहर सोडून गेले. फेब्रुवारी २००२ मध्ये हिमाचल प्रदेशातल्या शिमला जिल्ह्यात प्लेग आढळला, तेव्हा पहिला रुग्ण शिकारी होता. म्हणजे घरउंदराला वगळूनही रोग थेट रानातून येऊ शकतो. वेळेवर प्रतिजैविके मिळाली तर प्लेग बरा होतो. उपचार न झाल्यास गाठीच्या प्लेगमध्ये १०० पैकी ३० ते ६० रुग्ण दगावतात, आणि फुप्फुसाचा प्लेग उपचाराविना जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो.

आज मराठी मुलखात कृंतकांपासून होणारा नेहमीचा रोग म्हणजे लेप्टोस्पायरोसिस, बोलीभाषेत ‘लेप्टो’. इथे मध्ये पिसू लागत नाही. लेप्टोस्पायरा हे मळसूत्री जीवाणू उंदराच्या मूत्रपिंडात राहतात, मूत्रातून बाहेर पडतात आणि ओल्या मातीत, साचलेल्या पाण्यात तग धरतात. कातडीवरची चीर, भेगाळलेली टाच, डोळे किंवा तोंड यांतून ते शरीरात शिरतात. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्यानंतर शहरात या रोगाची मोठी साथ आली. पण शहराच्या बातम्यांत कोकणातले भातखाचर हरवू नये. घुशी बांध पोखरून राहतात. लावणीच्या दिवसांत बाया-माणसे तासन्तास त्याच चिखलात अनवाणी उभी असतात. ताप, अंगदुखी, पोटऱ्यांत गोळे आणि लाल डोळे ही लक्षणे कामाच्या शिणवट्यावर ढकलली जातात, आणि कावीळ किंवा मूत्रपिंडाचा त्रास सुरू झाल्यावर दवाखाना गाठला जातो. डॉक्टरांच्या सल्ल्याने लवकर घेतलेले डॉक्सिसायक्लिन इथे जीव वाचवते. ‘चिखलात काम करतो’ एवढे एक वाक्य डॉक्टरला सांगितले तरी निदानाची दिशा बदलू शकते.

भात कापणीनंतर बांधातले उंदीर पकडून खाणारे कातकरी हा धोका सर्वांत जवळून झेलतात. कोणते बीळ वापरात आहे, धुरी कुठून द्यायची, आतला धान्याचा साठा कुठे असेल, हे त्यांच्याइतके कुणाला कळत नाही. त्यांच्या खाण्याला नाके मुरडण्यापेक्षा, हाताला जखम असताना उंदीर सोलू नये ही माहिती त्यांच्यापर्यंत आधी पोचायला हवी. उंदीर-नियंत्रणाच्या कामात त्यांचे ज्ञानही मोबदला देऊन घेतले पाहिजे.

काही रोगांत कृंतक मुख्य पोशिंदा नसतो, तरी त्याच्यावाचून चक्र चालत नाही. स्क्रब टायफस या तापाचा जीवाणू गवतातल्या माइट या अगदी बारीक, कोळ्याच्या कुळातल्या जीवामध्ये पिढ्यान्‌पिढ्या टिकतो आणि त्या माइटच्या अळ्या उंदरांवर पोसल्या जातात. चाव्याच्या जागी काळी खपली येते. २०१८ मध्ये नागपूर आणि विदर्भात त्याचे बरेच रुग्ण आढळले. १९५७ मध्ये शिमोग्याजवळच्या क्यासनूर जंगलात सापडलेला आणि आता सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग परिसरापर्यंत आणि गोव्यातल्या सत्तरीत पोचलेला माकडताप गोचिडीमुळे होतो. त्यात माकडे मरताना दिसतात, पण जंगलात विषाणू फिरता ठेवण्यात उंदीर, खारी यांसारख्या लहान प्राण्यांचा वाटा असतो.

परदेशात हंटाविषाणूचे उदाहरण शिकण्यासारखे आहे. हा विषाणू वाळलेल्या मूत्रविष्ठेच्या धुळीतून श्वासात जातो. १९९३ मध्ये अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात तरुण माणसे श्वास कोंडून मरू लागली. आधीच्या पावसाने अन्न मुबलक झाले होते आणि या विषाणूचे पोशिंदे असलेले हरिणउंदीर वाढले होते. भरपूर पाऊस, पाइनच्या बियांचे उदंड पीक, वाढलेले उंदीर आणि आजार यांचा संबंध तिथल्या नवाहो या मूळनिवासी समाजाच्या जाणत्यांना परंपरेने माहीत होता.

नियंत्रणात क्रम महत्त्वाचा असतो. प्लेगची शंका असताना आधी उंदीर मारले, तर उपाशी पिसवा माणसाकडे वळतात. म्हणून आधी बिळांत आणि घरांत कीटकनाशक भुकटी टाकून पिसवा मारतात, मग उंदीर. मेलेला उंदीर उघड्या हाताने उचलायचा नाही, आणि तो सापडल्याची खबर आरोग्य केंद्राला द्यायची. रानातले सगळे जर्बिल मारणे शक्य नाही, तसा प्रयत्नही करू नये, कारण रिकामी झालेली बिळे इतर उंदीर व्यापतात. त्यामुळे खरे काम पाळत ठेवण्याचे आहे. राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राचे बंगळूरचे प्लेग पथक कर्नाटक, आंध्र प्रदेश आणि तमिळनाडूच्या सीमाभागात उंदीर आणि जर्बिल पकडून त्यांचे रक्त आणि अंगावरच्या पिसवा तपासते.