आयजीएफ–१ : अमिनो आम्ले आणि ग्राहीबंधन

इन्शुलिनसदृश वृद्धिघटक–१ (आयजीएफ–१) हे ७० अमिनो आम्लांच्या एकाच साखळीचे लहानसे प्रथिन. वृद्धी संप्रेरकाच्या प्रभावाखाली ते मुख्यतः यकृतात तयार होते आणि पेशींच्या पृष्ठभागावरील ग्राहीला चिकटून वाढीचा संदेश देते. झुरिकच्या रिंडरक्नेख्ट व हुंबेल यांनी १९७८ मध्ये त्याचा अमिनो आम्लक्रम प्रसिद्ध केला, तेव्हा प्रोइन्शुलिनशी, म्हणजे इन्शुलिनच्या पूर्वरूपाशी, असलेले त्याचे साम्य उघड झाले.

ग्राहीवरची पकड कोणत्या अमिनो आम्लांमुळे आहे, हे शोधण्याची रीत सांगायला सोपी आहे : एक अमिनो आम्ल बदलायचे, बाकीची तशीच ठेवायची आणि बंधन किती ढिले पडते ते मोजायचे. त्या जागी बहुधा अलानीन बसवतात, कारण त्याची पार्श्वशाखा, म्हणजे मुख्य साखळीबाहेर डोकावणारा भाग, जेमतेम एका मिथिल गटाएवढी (एक कार्बन, तीन हायड्रोजन) असते. निष्कर्ष काढताना मात्र जपावे लागते. साखळीतली सहा सिस्टीन गंधकाच्या दोन अणूंना जोडणाऱ्या तीन डायसल्फाइड बंधांनी प्रथिनाची घडी धरून ठेवतात. त्यांतले एखादे काढले की बंधन बिघडते, पण म्हणून ते सिस्टीन ग्राहीला भिडत होते असे नव्हे. खांब काढल्यावर दार लागेनासे झाले, तर दोष कडीला कसा द्यायचा?

टायरोसिनांची गोष्ट वेगळी. २४, ३१ व ६० या स्थानांवरील टायरोसीन बदलल्यास ग्राहीची ओढ स्पष्टपणे घटते. २४व्या टायरोसिनाच्या जागी इन्शुलिनमध्ये त्याच्या ए व बी या दोन साखळ्यांपैकी बी साखळीतले २५वे फेनिलअलानीन येते. तिथे ल्यूसीन आलेले ‘इन्शुलिन शिकागो’ हे मधुमेही रुग्णात सापडले होते आणि तेही ग्राहीला नीट चिकटत नाही.

सर्वांत बोलके उदाहरण ४४व्या व्हॅलिनाचे. २००५ मध्ये नेदरलँड्समधील वैद्यांनी जन्मापासून वाढ खुंटलेल्या एका प्रौढाची नोंद केली. त्याच्या रक्तात आयजीएफ–१ कमी नव्हते, उलट फार जास्त होते. मात्र दोन्ही जनुकप्रतींत ४४व्या व्हॅलिनाऐवजी मिथिओनीन आले होते आणि ग्राहीची ओढ सुमारे ९० पटींनी घटली होती. केवळ रक्ततपासणीचा आकडा पाहणाऱ्याला हा दोष दिसलाच नसता. इन्शुलिनच्या ए साखळीत याच जागी, म्हणजे तिसऱ्या स्थानी, व्हॅलीनच आहे. त्याचे ल्यूसीन झालेल्या ‘इन्शुलिन वाकायामा’चेही ग्राहीबंधन असेच कोसळते.

तिसऱ्या स्थानावरील ग्लुटामिक आम्लाचा संबंध ग्राहीपेक्षा रक्तातील बंधक प्रथिनांशी, म्हणजे आयजीएफ–१ ला धरून ठेवणाऱ्या प्रथिनांशी, अधिक. पहिली तीन अमिनो आम्ले नसलेले रूप गाईच्या चिकात आणि मानवी मेंदूत आढळले आहे. ग्राहीशी ते जवळपास मूळ प्रथिनाइतकेच जुळते, पण बंधक प्रथिनांच्या हाती फारसे लागत नाही; म्हणून संवर्धित पेशींवर ते मूळ प्रथिनापेक्षा प्रभावी ठरते. याच तत्त्वावर तिसऱ्या स्थानी अर्जिनीन घालून आणि साखळीच्या सुरुवातीला १३ अमिनो आम्लांची जोड देऊन ८३ अमिनो आम्लांचे ‘एलआर३’ हे रूप तयार केले गेले. पेशीसंवर्धनाच्या माध्यमात ते वापरले जाते.