मतदारांची बदलती घडण आणि अमेरिकेची अध्यक्षीय निवडणूक

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील मतदारवर्गाची वंश, वय, लिंग, शिक्षण आणि वस्तीचे ठिकाण यांनुसार असलेली घडण पिढीगणिक बदलत आली आहे. या बदलामुळे राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीचे निकाल ठरतात का, हा तेथील राज्यशास्त्रातला, आणि त्याहूनही अधिक पक्षकार्यालयांतला, जुना प्रश्न आहे. ‘लोकसंख्या हीच नियती’ या आशयाचे एक वाक्य या चर्चेत वारंवार ऐकू येते. आजवरच्या निवडणुकांचा पुरावा इतक्या ठाम विधानाला आधार देत नाही. कोणत्या राज्यात चुरस होईल हे लोकसंख्येतील बदलाने पुष्कळदा ठरते. त्या चुरशीत कोण जिंकेल हे त्याने क्वचितच ठरते.

२०२० च्या जनगणनेनुसार देशाची लोकसंख्या सुमारे ३३ कोटी १० लाख होती. तीत हिस्पॅनिक नसलेले श्वेतवर्णीय ५७·८ टक्के, हिस्पॅनिक किंवा लॅटिनो (ज्यांचे मूळ लॅटिन अमेरिकेत किंवा स्पॅनिशभाषक देशांत आहे असे) १८·७ टक्के, कृष्णवर्णीय सुमारे १२ टक्के आणि आशियाई वंशाचे सुमारे ६ टक्के होते. या चित्राची सुरुवात १९६५ च्या स्थलांतर कायद्यात आहे. या कायद्याने मूळ देशावर आधारलेली, युरोपीयांना झुकते माप देणारी कोटापद्धत रद्द केली. मात्र लोकसंख्या आणि मतदारवर्ग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लॅटिनोंमध्ये अठरा वर्षांखालील मुलांचे आणि नागरिकत्व न मिळालेल्यांचे प्रमाण मोठे आहे. शिवाय ज्यांना मताधिकार आहे त्यांचेही मतदान कमी होते: जनगणना विभागाच्या पाहणीनुसार २०२० मध्ये हिस्पॅनिक नसलेल्या श्वेतवर्णीय प्रौढ नागरिकांपैकी सुमारे ७१ टक्क्यांनी मतदान केले, तर हिस्पॅनिक नागरिकांत हे प्रमाण ५४ टक्क्यांच्या आसपास होते. त्यामुळे शाळेच्या वर्गात दिसणारा बदल मतदानकेंद्रावर पोहोचायला एक-दोन दशके लागतात.

एखाद्या गटाचा निकालावरील परिणाम तीन गोष्टींच्या गुणाकाराने ठरतो: गटाची संख्या, त्यातील मतदानाचे प्रमाण आणि त्याचा कल. काल्पनिक उदाहरण घेतल्यास, एकूण मतदारांत १० टक्के असलेला एखादा गट एका पक्षाला ६५ विरुद्ध ३५ असा कौल देत असेल, तर त्या पक्षाला या गटातून एकूण मतांच्या ३ टक्के आघाडी मिळते. गट वाढून १२ टक्के झाला आणि कल तसाच राहिला, तर आघाडी ३·६ होते. पण त्याच काळात कल ५८ विरुद्ध ४२ वर आला, तर गट वाढूनही आघाडी दोनच्या खाली घसरते. संख्या सावकाश बदलते आणि कल एका निवडणुकीत बदलू शकतो. या विषयावरील बहुतेक चुकीची भाकिते कल गोठलेला आहे असे गृहीत धरल्यामुळे झाली आहेत.

लोकसंख्येचा ओघ डेमोक्रॅटिक पक्षाच्या बाजूने आहे, हा सिद्धांत जॉन ज्युडिस आणि रूय टेक्सेरा यांनी २००२ मध्ये पुस्तकरूपाने मांडला. वाढते अल्पसंख्याक, उच्चशिक्षित व्यावसायिक आणि नोकरी करणाऱ्या स्त्रिया यांच्या जोरावर या पक्षाचे टिकाऊ बहुमत घडू शकेल, असे त्यांचे म्हणणे होते; कामगारवर्गीय श्वेतवर्णीयांचा पुरेसा पाठिंबा टिकवून धरण्याची अटही त्यांनी घातली होती. पुढे सिद्धांत गाजला आणि अट विसरली गेली. बराक ओबामा यांच्या २००८ आणि २०१२ मधील विजयांनी हा सिद्धांत सिद्ध झाल्यासारखा वाटला. १९८८ मध्ये रिपब्लिकन पक्षाच्या थोरल्या जॉर्ज बुश यांना श्वेतवर्णीयांची ६० टक्क्यांच्या आसपास मते मिळाली होती आणि त्यांनी निर्वाचक मंडळातील ४२६ मते जिंकली (अध्यक्ष हे मंडळ निवडते; त्याची मते राज्यांना वाटलेली असतात आणि बहुतेक राज्यांत ती सगळी तेथे पुढे असलेल्या उमेदवाराला जातात). २०१२ मध्ये त्याच पक्षाच्या मिट रॉम्नी यांना श्वेतवर्णीयांत जवळजवळ तितकाच पाठिंबा मिळाला, पण निर्वाचक मते मिळाली अवघी २०६. या पराभवानंतर रिपब्लिकन पक्षाने स्वतःच्या २०१३ च्या अहवालात स्थलांतर धोरण उदार करावे आणि लॅटिनोंना जवळ करावे, असा सल्ला दिला.

२०१६ मध्ये डॉनल्ड ट्रम्प यांनी या सल्ल्याच्या नेमके उलट केले आणि ते निवडून आले. देशभरात हिलरी क्लिंटन यांना सुमारे २९ लाख मते जास्त पडली, परंतु मिशिगन, विस्कॉन्सिन आणि पेन्सिल्व्हेनिया ही तीन राज्ये मिळून सुमारे ७८ हजार मतांच्या फरकाने ट्रम्प यांच्याकडे गेली. या निकालाचे मूळ लोकसंख्येच्या बदलात शोधता येत नाही. आयोवा या बहुतांशी श्वेतवर्णीय राज्याने २००८ आणि २०१२ मध्ये ओबामांना निवडले आणि २०१६ मध्ये ट्रम्प यांना नऊ टक्क्यांहून अधिक आघाडी दिली. चार वर्षांत तेथील माणसे फारशी बदलली नव्हती, त्यांची मते बदलली होती. वेस्ट व्हर्जिनियाचे उदाहरण अधिक ठळक आहे. देशभर पराभव झालेले डेमोक्रॅटिक उमेदवार मायकेल डुकाकिस यांनाही १९८८ मध्ये जिंकता आलेल्या या कोळसा खाणींच्या राज्यात २०२४ मध्ये ट्रम्प यांना सुमारे ७० टक्के मते मिळाली. पदवी नसलेल्या श्वेतवर्णीयांचे प्रमाण देशात घटत होते हे खरे. पण त्यांच्या कलातील बदल त्या घटीपेक्षा मोठा होता आणि ते नेमके चुरशीच्या राज्यांत एकवटलेले होते.

लॅटिनो मतांच्या बाबतीत सिद्धांताची कसोटी अधिक कडक होती. टेक्सस राज्यात हिस्पॅनिक नसलेले श्वेतवर्णीय या शतकाच्या पहिल्या दशकातच निम्म्याहून कमी झाले. तरीही १९७६ मध्ये जिमी कार्टर यांच्यानंतर एकाही डेमोक्रॅटिक उमेदवाराला ते राज्य जिंकता आलेले नाही. त्याच राज्यात मेक्सिकोच्या सीमेवर स्टार काउंटी (काउंटी म्हणजे राज्यातील जिल्ह्यासारखा विभाग) आहे. तेथील ९५ टक्क्यांहून अधिक रहिवासी हिस्पॅनिक आहेत. २०१६ मध्ये तिने क्लिंटन यांना सुमारे ७९ टक्के मते दिली. २०२४ मध्ये ती ट्रम्प यांनी जिंकली, आणि १८९२ नंतर प्रथमच तेथे रिपब्लिकन उमेदवार पुढे राहिला. फ्लॉरिडातील मायामी-डेड काउंटीतही २०१६ मधील सुमारे ३० टक्क्यांची डेमोक्रॅटिक आघाडी २०२४ मध्ये ११ टक्क्यांच्या रिपब्लिकन आघाडीत बदलली. क्यूबाहून आलेले निर्वासित, व्हेनेझुएलातील स्थलांतरित, जन्मतः अमेरिकन नागरिक असलेले प्वेर्तो रिकोचे लोक आणि कित्येक पिढ्या टेक्ससमध्येच राहिलेली मेक्सिकन वंशाची कुटुंबे यांना एकाच शब्दात बांधणे जनगणनेच्या सोयीचे आहे. राजकारणात ते एक आहेतच असे नाही.

भारतीय वंशाच्या मतदारांचेही तसेच. ते आजवर बहुसंख्येने डेमोक्रॅटिक पक्षाकडे राहिले असले, तरी २०२४ मध्ये, उमेदवार कमला हॅरिस यांच्या आई भारतीय असूनही, त्यांचा काही भाग ट्रम्प यांच्याकडे सरकला. वंशाच्या गणिताने निकाल बांधता येत नाहीत, याचा मराठी वाचकांना जवळचा वाटेल असा दाखला अध्यक्षीय नव्हे तर काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, निवडणुकीतला आहे: बेळगावात वाढलेले मराठीभाषक श्री ठाणेदार २०२२ मध्ये मिशिगनच्या ज्या मतदारसंघातून निवडून आले, त्यात कृष्णवर्णीय बहुसंख्या असलेल्या डेट्रॉइट शहराचा मोठा भाग येतो.

गटांच्या सीमा पुसट होतात, हाही इतिहासाचा धडा आहे. १९६० मध्ये जॉन केनेडी यांना कॅथलिक मतदारांपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक मते मिळाली, कारण आयरिश, इटालियन आणि पोलिश वंशाचे कॅथलिक तेव्हा एक वेगळा मतदारगट होते. दोन पिढ्यांत त्यांच्यातील बरेच जण उपनगरांत गेले, मिश्र विवाह झाले आणि त्यांची मते इतर श्वेतवर्णीयांसारखीच विभागली गेली. १९७१ च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीने अठरा वर्षांच्या तरुणांना मताधिकार दिला तेव्हा युद्धविरोधी डेमोक्रॅटिक उमेदवार जॉर्ज मॅकगव्हर्न यांना मोठा लाभ होईल अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात १९७२ मध्ये त्यांचे प्रतिस्पर्धी रिचर्ड निक्सन यांनी ५० पैकी ४९ राज्ये जिंकली.

तरीही लोकसंख्येचे महत्त्व नाकारता येत नाही, आणि ते सर्वांत स्पष्ट दिसते ते माणसे एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जातात तेव्हा. १९१० ते १९७० या काळात सुमारे ६० लाख कृष्णवर्णीय दक्षिणेतून उत्तरेकडे आणि पश्चिमेकडे गेले. दक्षिणेत मतदानासाठीचा कर, साक्षरतेच्या परीक्षा आणि दहशत यांच्या जोरावर त्यांचे मत हिरावले जात होते. शिकागो किंवा क्लीव्हलंडमध्ये तेच मत निर्णायक राज्यात मोजले जाऊ लागले. सैन्यातील वर्णभेद संपवण्याचा आदेश काढणाऱ्या हॅरी ट्रूमन यांनी १९४८ मध्ये इलिनॉय आणि ओहायो अगदी थोड्या फरकाने जिंकले, त्यात या मतांचा वाटा होता. अलीकडचे उदाहरण व्हर्जिनियाचे. वॉशिंग्टनभोवतीच्या उपनगरांत सुशिक्षित आणि स्थलांतरित वस्ती वाढल्याने २००८ मध्ये हे राज्य १९६४ नंतर प्रथमच डेमोक्रॅटिक पक्षाकडे आले आणि तेथेच राहिले. जॉर्जियात अटलांटाजवळील ग्विनेट काउंटीची लोकसंख्या १९९० मधील सुमारे साडेतीन लाखांवरून २०२० पर्यंत साडेनऊ लाखांवर गेली. एकेकाळी बहुतांशी श्वेतवर्णीय असलेल्या या काउंटीत आज कोणताच वांशिक गट बहुसंख्य नाही. २०२० मध्ये जो बायडन जॉर्जियात ११,७७९ मतांनी जिंकले, ते अशा वाढीमुळे शक्य झाले. मात्र २०२४ मध्ये ट्रम्प यांनी ते राज्य परत घेतले, तेव्हा ग्विनेटची घडण मागे फिरलेली नव्हती.

मोजमापाची अडचण वेगळीच आहे. अमेरिकेत मतपत्रिकेवर वंश किंवा शिक्षण नोंदले जात नाही, त्यामुळे कोणत्या गटाने कसे मतदान केले याचे सर्व आकडे हे अंदाज असतात. मतदानकेंद्राबाहेरच्या पाहण्यांत सुशिक्षितांचे प्रमाण फुगलेले दिसते, असे नंतर मतदारयाद्यांशी ताडून पाहिलेल्या अभ्यासांत आढळले. म्हणजे पदवी नसलेले श्वेतवर्णीय मतदारवर्गातून जितक्या वेगाने कमी होत आहेत असे २०१२ नंतर मानले गेले, तितक्या वेगाने ते कमी होत नव्हते. मतदान वाढले की डेमोक्रॅटिक पक्षाचा फायदा होतो, हेही असेच एक रूढ गृहीतक. २०२० मध्ये १९०० नंतरचे सर्वाधिक प्रमाणात मतदान झाले. त्यात बायडन जिंकले हे खरे, पण ट्रम्प यांनाही २०१६ पेक्षा एक कोटीहून अधिक मते जास्त मिळाली.

निर्वाचक मंडळाच्या ५३८ मतांचे राज्यांतील वाटप दर दहा वर्षांनी जनगणनेनुसार बदलते, आणि लोकसंख्येचा हा एकमेव परिणाम असा आहे की त्यासाठी कोणाचेही मन वळवावे लागत नाही. २०२० च्या जनगणनेनंतर टेक्ससला दोन, तर फ्लॉरिडा, नॉर्थ कॅरोलायना, कॉलोराडो, ऑरेगन आणि मोंटाना यांना प्रत्येकी एक मत अधिक मिळाले. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, इलिनॉय, मिशिगन, पेन्सिल्व्हेनिया, ओहायो आणि वेस्ट व्हर्जिनिया यांनी प्रत्येकी एक गमावले. २०२० मध्ये बायडन यांना ३०६ निर्वाचक मते मिळाली होती. नव्या वाटपानुसार त्याच राज्यांची मते ३०३ भरली असती. २०२४ मध्ये ट्रम्प ३१२ विरुद्ध २२६ अशा फरकाने जिंकले. त्या फरकात या तीन मतांचा हिस्सा नगण्य होता.