नारळीकरांचे पोस्टकार्ड, फळा आणि कुंडल्या : एका वैज्ञानिक-लेखकाच्या मूल्यांची पार्श्वभूमी

सही मागायला आलेल्या मुलांच्या वहीवर जयंत नारळीकर सही करत नसत. विज्ञानातला तुला पडलेला प्रश्न पोस्टकार्डावर लिहून पाठव, उत्तर येईल आणि त्याखाली सही असेल, असे ते सांगत. यात काय साधत होते ते पाहण्यासारखे आहे. सहीच्या ओढीने का होईना, मुलाला घरी बसून एक प्रश्न तयार करावा लागे. कार्डावर जागा थोडी, म्हणून तो नेमका करावा लागे. ‘विश्वाबद्दल माहिती द्या’ असे लिहून भागत नसे.

या सवयीचे मूळ बनारसच्या घरात सापडते. नारळीकरांचा जन्म १९ जुलै १९३८ चा, कोल्हापूरचा. पण वाढले ते काशी हिंदू विश्वविद्यालयाच्या आवारात. वडील विष्णु वासुदेव नारळीकर तिथे गणिताचे विभागप्रमुख, आई सुमती संस्कृतच्या विदुषी. मामा मोरेश्वर हुजूरबाजार एम. एस्सी.साठी बनारसला आले, तेव्हा घरातल्या फळ्यावर ‘जयंतसाठी आव्हान’ अशा मथळ्याखाली गणितातले एखादे कोडे लिहून ठेवत. सुटेपर्यंत ते पुसले जात नसे. ती कोडी पाठ्यपुस्तकातली नसत, त्यामुळे पाठ केलेली रीत तिथे लागू पडत नसे. येता-जाता प्रश्न डोळ्यांसमोर आणि उत्तर सांगायची कुणाला घाई नाही, अशा घरात मूल प्रश्नाबरोबर राहायला शिकते. पुढे मुलांसाठी गणितातल्या गमतीजमती लिहिणारा लेखक याच फळ्यासमोर घडला.

शाळेचे माध्यम हिंदी होते, घरची भाषा मराठी. शालेय विज्ञान मातृभाषेतून शिकवावे हा त्यांचा आग्रह पुढे कायम राहिला, आणि त्यामागे स्वतःच्या शिक्षणाचा अनुभव होता. त्यांच्या मराठीत वाक्ये छोटी असतात, अलंकार जवळजवळ नसतात. काही वाचकांना ती रुक्ष वाटते. मला ती गणिताच्या सिद्धतेसारखी वाटते. एकही पायरी गाळलेली नाही, म्हणून वाचक मधेच हरवत नाही.

१९५७ मध्ये ते केंब्रिजला गेले आणि १९५९ मध्ये तिथल्या गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत सीनिअर रँग्लर, म्हणजे पहिले, आले. रँग्लर परांजप्यांमुळे मराठी घरांत हा शब्द आधीच ओळखीचा होता. पण त्यांच्या लेखकपणाला कारण ठरले ते मार्गदर्शक फ्रेड हॉईल. हॉईल खगोलशास्त्रज्ञ होते आणि विज्ञानकादंबऱ्याही लिहीत. ‘द ब्लॅक क्लाउड’ १९५७ मध्ये आली होती. संशोधन आणि ललित लेखन एकाच टेबलावर होऊ शकते, हे नारळीकरांनी तिथे जवळून पाहिले. अल्पमतात उभे राहण्याची तयारीही तिथलीच. विश्वाला आरंभ नाही, ते सदैव एकसारखेच दिसते, असे सांगणारा हॉईल यांचा स्थिर स्थितीचा सिद्धांत आकाशातल्या रेडिओ लहरी सोडणाऱ्या स्रोतांच्या मोजणीमुळे मोडीत निघतो, असा रेडिओ-खगोलशास्त्रज्ञ मार्टिन राइल यांचा दावा होता. फेब्रुवारी १९६१ मध्ये रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीत हॉईल यांच्या बाजूने त्याला उत्तर द्यायला उभा राहिला तो हा नवखा संशोधक विद्यार्थी. १९६५ मध्ये सगळ्या आकाशातून येणारे सूक्ष्मलहरींचे पार्श्वप्रारण सापडल्यावर बहुतेकांनी महास्फोटाची, म्हणजे विश्वाला आरंभ आहे या मताची, बाजू घेतली. नारळीकरांनी पर्यायांचा शोध सोडला नाही. हॉईल आणि जेफ्री बर्बिज यांच्याबरोबर १९९३ मध्ये त्यांनी ‘अर्ध-स्थिर स्थिती’ची, म्हणजे जुन्या सिद्धांताच्या सुधारित रूपाची, मांडणी केली. ती फारशी स्वीकारली गेली नाही, हेही नोंदवलेच पाहिजे.

१९७२ मध्ये ते मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या विज्ञानकथा स्पर्धेला त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली, तीही नाव लपवून. ज. वि. ना. ही आद्याक्षरे उलटी केली, ना. वि. ज., आणि त्यातून ‘नारायण विनायक जगताप’ तयार झाले. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नी मंगला नारळीकरांनी स्वतःच्या हाताने उतरवून काढली. कथेला पहिले बक्षीस मिळाले. प्रसिद्ध नावाकडे पाहून परीक्षकांनी झुकते माप दिले असते, तर कथा चांगली आहे की नाही हे लेखकाला कधीच कळले नसते. परीक्षकाला नाव कळू न देणे ही प्रयोगशाळेतली पद्धत त्यांनी स्वतःच्या कथेलाच लावली.

हीच पद्धत २००८ च्या सुमारास पुण्यात मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. विद्यापीठांत फलज्योतिषाचे अभ्यासक्रम सुरू करण्याचा विद्यापीठ अनुदान आयोगाचा २००१ चा निर्णय गाजला होता आणि नारळीकरांचा त्याला विरोध होता. पण नुसत्या विरोधावर ते थांबले नाहीत. संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांच्यासह त्यांनी चाचणी आखली. शंभर हुशार विद्यार्थी आणि शंभर मतिमंद मुले यांचे जन्मतपशील जमवले आणि त्यावरून संगणकाने दोनशे कुंडल्या मांडल्या. कोणती कुंडली कोणाची, हे ना ज्योतिषांना ठाऊक, ना आयोजकांना. प्रत्येक ज्योतिषाला यादृच्छिक निवडलेल्या चाळीस कुंडल्या दिल्या. मूल हुशार की मतिमंद, एवढेच सांगायचे होते.

खरी मेख यशाच्या व्याख्येत होती. नाणेफेक करूनही चाळीसांत सरासरी वीस उत्तरे बरोबर येतात आणि प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीपासून पडणारा नेहमीचा फरक, सुमारे ३.२ असते. म्हणजे तेवीस-चोवीस बरोबर आली तरी तो योगायोग असू शकतो. म्हणून अठ्ठावीसची अट घातली, आणि ती आधीच जाहीर केली. निकाल पाहून मग रेषा आखली तर कोणालाही पास किंवा नापास करता येते. अशा चाचण्या नेमक्या इथेच फसतात. एक्कावन्न ज्योतिषांनी कुंडल्या मागवल्या, उत्तरे सत्तावीस जणांनी पाठवली. सर्वाधिक अचूक उत्तरे चोवीस होती. एका संस्थेने सगळ्या दोनशे कुंडल्या तपासल्या. तिची १०२ बरोबर आली. ‘करंट सायन्स’मध्ये २००९ साली हा निबंध प्रसिद्ध झाला.

स्वतःला प्रिय असलेल्या कल्पनेलाही त्यांनी हीच कसोटी लावली. सूक्ष्मजीव अंतराळातून पृथ्वीवर येतात, हे हॉईल यांचे आवडते मत. ते तपासण्यासाठी इस्रोच्या प्रयोगाचे नेतृत्व नारळीकरांनी केले. एप्रिल २००५ मध्ये हैदराबादहून २ कोटी ६७ लाख घनफुटांचा बलून ४५९ किलोंची सामग्री घेऊन गेला. त्यात निर्वात आणि निर्जंतुक केलेल्या पोलादी नळ्या होत्या. त्या थंड ठेवायला ३८ किलो द्रव निऑन होता. थंड नळीत बाहेरची विरळ हवा आपोआप ओढली जाते. वीस ते एक्केचाळीस किलोमीटर उंचीवर नमुने घेतले आणि हैदराबाद व पुणे येथील दोन प्रयोगशाळांनी ते स्वतंत्रपणे तपासले. धोका एकच होता, जमिनीवरचे जंतू नळीत शिरण्याचा. जिवाणूंच्या बारा वसाहती मिळाल्या. त्यांत तीन प्रजाती नव्या होत्या आणि अतिनील किरणांना जास्त दाद न देणाऱ्या होत्या. तरीही त्या अंतराळातूनच आल्या असे यावरून ठामपणे सिद्ध होत नाही, असे निकालासोबतच सांगण्यात आले. त्या तिघांपैकी एकाचे नाव ठेवले ‘जॅनिबॅक्टर हॉइली’.