बाहेरून बी.सी.ए. होतं, बाहेरून बी.टेक. होत नाही

चिंचोली एमआयडीसीत शिफ्ट करणारा डिप्लोमावाला असो की पतसंस्थेत संगणक सांभाळणारी मुलगी, सोलापुरात प्रश्न ठरलेला: नोकरी न सोडता, कमी पैशात कॉम्प्युटरची डिग्री कशी करायची? उत्तरही ठरलेलं: ‘बाहेरून इंजिनिअरिंग करून टाक की.’ हे ऐकून ऐकून कान किटले. या सल्ल्यापायी लोकांचे पैसे आणि वर्षं दोन्ही जातात.

बी.टेक. म्हणजे चार वर्षांची इंजिनिअरिंगची पदवी, ते सगळ्यांना माहीत आहे. बी.सी.ए. म्हणजे कॉम्प्युटर अ‍ॅप्लिकेशनची पदवी, साधारण तीन वर्षांची, गणित-विज्ञानाचा भार कमी, पण प्रोग्रॅमिंग, डेटाबेस, नेटवर्किंग यात येतंच. अभ्यासक्रमातल्या या फरकावर फार डोकं शिणवू नका.

घोळ होतो तो मान्यतेत. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2020 च्या नियमांनुसार मान्यताप्राप्त दूरस्थ, म्हणजे बाहेरून केलेली, पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची आहे. एवढं ऐकून लोक पुढचं ऐकतच नाहीत. बरोबरी असते ती त्याच पदवीशी. इग्नूचं (इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाचं) बी.सी.ए. कॉलेजातल्या बी.सी.ए.च्या तोडीचं, म्हणून ते बी.टेक. ठरत नाही. आणि बी.टेक. दूरस्थ पद्धतीने शिकवायला परवानगीच नाही. सर्वोच्च न्यायालयाने 3 नोव्हेंबर 2017 रोजी चार अभिमत विद्यापीठांच्या अशा पदव्यांवर निकाल दिला. 2001 ते 2005 या काळात प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या निलंबित करून त्यांना पुन्हा परीक्षा द्यायला लावली, त्यानंतरच्यांच्या रद्दच केल्या. त्यातले कित्येक जण तोवर नोकरीत स्थिरावले होते.

हा फरक कुठे नडतो? एमपीएससीच्या राज्यसेवेला किंवा बँकेच्या पीओ परीक्षेला नाही. तिथे कुठलीही पदवी चालते. पण सरकारी बँकांची भरती परीक्षा घेणाऱ्या आयबीपीएसच्या आयटी ऑफिसर पदासाठी कॉम्प्युटर किंवा तत्सम शाखेची चार वर्षांची इंजिनिअरिंगची पदवी लागते, नाहीतर एम.सी.ए.सारखी पदव्युत्तर पदवी. नुसत्या बी.सी.ए.वर अर्ज अडतो. म्हणून बी.सी.ए. करणाऱ्याने एम.सी.ए. आधीपासूनच हिशेबात धरावं. इग्नूत तेही करता येतं, आणि माझ्या मते नोकरदारासाठी सगळ्यात परवडणारी वाट हीच आहे.

बी.टेक.च हवं असेल तर एआयसीटीईने, म्हणजे तंत्रशिक्षणाला मान्यता देणाऱ्या परिषदेने, 2023-24 पासून नोकरदारांसाठी वेगळी सोय केली आहे. डिप्लोमा आणि किमान एक वर्षाचा अनुभव असला की थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश, तास संध्याकाळी किंवा सोयीच्या वेळी. पण कॉलेजात जावंच लागतं. आपल्या भागात अशी तुकडी कुठे मंजूर आहे, हे एआयसीटीईच्या यादीतच पाहा.

आयआयटी मद्रासचं ऑनलाइन बी.एस. (डेटा सायन्स) हेही बी.टेक. नव्हे, पण गणित पक्कं असेल तर मी ते बी.सी.ए.च्या वर ठेवेन. जेईई लागत नाही, पात्रता फेरी असते, मुख्य परीक्षा केंद्रावर जाऊनच द्यावी लागते आणि कमी उत्पन्नवाल्यांना फीत मोठी सवलत आहे. रात्रपाळी करणाऱ्याला मात्र दर आठवड्याच्या असाइनमेंट जड जातात.

विद्यापीठाच्या कुठल्याही दूरस्थ अभ्यासक्रमाला प्रवेश घेण्याआधी यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण विभागाची (डीईबी) यादी उघडा. त्यात विद्यापीठाचं नाव दिसलं की लोक निर्धास्त होतात, ते चुकीचं आहे. मान्यता त्या अभ्यासक्रमाला आणि त्या सत्राला असावी लागते. प्रवेशासाठी लागणारा या विभागाचा ओळख क्रमांक, म्हणजे डीईबी आयडी, स्वतः काढा. फी विद्यापीठाच्या पोर्टलवरच भरा, सेंटरवाल्याच्या फोनपेवर नाही.