गायक-गीतकार म्हणजे नेमका कोण? पुण्यातल्या पॉप-रॉक कारकिर्दींची पार्श्वभूमी

पुण्यातला एखादा पॉप-रॉक गायक आपली कामं सांगायला बसला की ऐकणारा गोंधळतो. स्वतःची गाणी, एका प्रायोगिक नाटकाचं संगीत, जाहिरातींच्या जिंगल्स, मालिकेचं शीर्षकगीत, शनिवार-रविवारी गिटारचे क्लास आणि लगीनसराईत मिळतील तेवढ्या सुपाऱ्या. याला धरसोड म्हणायची आपल्याकडे सवय आहे. मला हा आरोप अन्यायाचा वाटतो. अशा माणसासाठी मराठी गाण्याच्या व्यवहारात एक अशी जागाच नव्हती, आणि याची खूण त्याला लावलेल्या शब्दातच सापडते.

तो शब्द म्हणजे 'गायक-गीतकार'. 'सिंगर-साँगरायटर'साठी आपण तो सर्रास वापरतो. पण 'साँगरायटिंग'मध्ये शब्दही येतात आणि चालही येते. मराठीत गीतकार म्हणजे फक्त शब्द लिहिणारा. चाल लावतो तो संगीतकार. म्हणजे 'गायक-गीतकार' म्हटलं की गाणारा आला, लिहिणारा आला, आणि चाल बांधणारा मधल्या मध्ये गळाला. कुणी 'कवी-गायक' म्हणतात, तिथेही तेच होतं.

खरं तर नेमका शब्द आपल्याकडे होता. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने लिहिलेल्या संगीतग्रंथात शब्दांना 'मातु' आणि स्वररचनेला 'धातु' म्हटलंय, आणि दोन्ही स्वतः करणाऱ्याला 'वाग्गेयकार'. कर्नाटक संगीताने हा शब्द जपला. आपल्याकडे तो अभ्यासाच्या पुस्तकात राहिला आणि रॉकच्या पोस्टरवर तो कुणी छापणार नाही, हेही मान्य. व्यवहारात मात्र ही कामं वाटलेलीच होती: पेशवाईत तर लावणी रचणारा एक आणि गाणारा दुसरा, अशी जोडनावंच लोकांच्या तोंडी होती.

वाटणी पक्की केली ती रेडिओने. पुणे केंद्र १९५३ मध्ये सुरू झालं. गाण्याआधी निवेदक सांगायचा: गीत अमुक यांचं, संगीत तमुक यांचं, गायलंय यांनी. तीन कामं, तीन नावं. याच केंद्रावरून १९५५-५६ मध्ये 'गीतरामायणा'ची ५६ गाणी प्रसारित झाली, तेव्हा कवी वेगळे, संगीतकार वेगळे आणि गाणारे अनेक होते. पुढे संगीतकारांनी ती सगळी गाणी स्वतः मंचावर गायली, तरी त्यांची ओळख 'गायक आणि संगीतकार' अशी दोन शब्दांतच राहिली. ज्या घरांत ही घोषणा रोज कानावर पडली, तिथल्या पोराने 'शब्दही माझे, चालही माझी, गाणारही मीच' म्हटलं की ते आगाऊपणाचं वाटायचं.

कायद्यानेही हीच फोड केली, आणि तिचे परिणाम खिशापर्यंत पोचले. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात गाण्याचे शब्द ही साहित्यकृती, चाल ही संगीतकृती आणि ध्वनिमुद्रण तिसरंच. त्यातही १९९४च्या दुरुस्तीपर्यंत संगीतकृती म्हणजे कागदावर उतरवलेली चाल. गिटार मांडीवर घेऊन, कॉर्डची अक्षरं वहीत ओळींच्या डोक्यावर लिहून, कानानेच चाल बसवणारा मुलगा त्या व्याख्येत कुठे बसणार?

मग १९७७चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. चित्रपटासाठी मोबदला घेऊन गाणं करून दिलं असेल आणि उलट करार नसेल, तर त्याचा पहिला मालक निर्माता, असा त्याचा गाभा. निकाल कायद्याच्या शब्दाला धरून होता, असं म्हणणारे आजही आहेत आणि त्यांचं म्हणणं खोडता येत नाही. पण एकरकमी पैसे घ्या आणि विसरा, ही रीत त्याने घट्ट केली. गाणं पुढे वीस वर्षं वाजलं तरी करणाऱ्याला पुढच्या महिन्याचं भाडं नव्या कामातूनच काढावं लागे. त्याच निकालात एका न्यायमूर्तींनी जोडलेल्या टिपणीत खंत आहे की कायद्याला कागदावरची चाल दिसते, गाणाऱ्याचा गळा दिसत नाही. गायकाला कलावंत म्हणून हक्क मिळाला तोही १९९४मध्येच. आणि चित्रपटगृहाबाहेर गाणं वाजलं तर शब्दकार व संगीतकार यांचा रॉयल्टीतला समान वाटा करारानेही सोडून देता येणार नाही, ही तरतूद यायला २०१२ उजाडलं. 'धरसोडी'चं मूळ मला इथे दिसतं.

पुण्याने दार उघडलं ते नाटकातून. १९७८मध्ये इथल्या एका नाट्यसंस्थेने जर्मन नाटककार ब्रेख्तच्या नाटकाचं मराठी रूप रंगमंचावर आणलं, आणि त्यात नायक म्हणून मुंबईचा एक रॉक गायक उभा केला. मराठी शब्द आणि रॉकचा ठेका एकत्र नांदू शकतात, हे प्रेक्षकांना तेव्हा समोर दिसलं. ते नांदवणं सोपं नसतं. आपल्या कानात केरवा हा आठ मात्रांचा ताल मुरलेला, त्याचा जोर समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर. रॉकचा ड्रमर स्नेअर, म्हणजे कडक आवाजाचा छोटा ड्रम, मारतो दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर. दीर्घ अक्षर भलत्या ठोक्यावर पडलं की ओळ लंगडते. म्हणून गाणाराच शब्द बदलू लागतो, आणि बदलता बदलता लिहू लागतो.

पुढची पावलं झपाट्याने पडली. महाविद्यालयीन करंडक स्पर्धांमध्ये लाइव्ह संगीत करणारी मुलं बँडमध्ये गेली. २००३पासून एका कवीने संगीतकार मित्राबरोबर स्वतःच्या कविता स्वतः गायला सुरुवात केली आणि नाट्यगृहं भरली. डिसेंबर २०१०मध्ये कोरेगाव पार्कात खुल्या मैदानावर मोठा महोत्सव झाला, जिथे फक्त स्वतःची गाणी करणाऱ्यांना तिकीट काढून आलेले श्रोते मिळाले.

आता गाणं ऑनलाइन चढवताना फॉर्ममध्ये तीन रकाने येतात: मुख्य कलाकार, शब्द, संगीत. ध्वनिमुद्रणाला बारा अक्षर-अंकांचा संकेत मिळतो. तेच गाणं नुसत्या गिटारवर पुन्हा रेकॉर्ड केलं तर नवा संकेत, पण शब्द आणि चाल जुनीच. आपलं नाव तिन्ही रकान्यांत भरायचं असतं. 'गीतकार' लिहिलं म्हणजे चालही त्यात आली, असं समजून संगीताचा रकाना मोकळा सोडला, तर चालीच्या वाट्याचे पैसे कुणाच्या नावे जमा करायचे हे कुणालाच कळत नाही.